धसका घेतलेल्यांची पुस्तकं: बायबलमधले संदेष्टे बंदिवासाच्या अंगाने कसे वाचावेत

पाऊस जोराचा लागला की रात्री डोळा लागत नाही, असं महाडपासून चिपळूणपर्यंत कितीतरी घरांत आता ऐकायला मिळतं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं आणि त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या होत्या. घरं पुन्हा उभी राहिली, कौलं चढली, पण आत काहीतरी बसून राहिलं. त्याला आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे: धसका. मानसोपचाराच्या भाषेत त्याला आघात म्हणतात, आणि १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातानंतरच्या त्रासाला आजारांच्या अधिकृत यादीत जागा दिली. पुढे बायबलचे अभ्यासक या नजरेने जुना करार वाचू लागले. यिर्मया, यहेज्केल, विलापगीत आणि यशयाचा उत्तरार्ध ही पुस्तकं, यरुशलेम पडून तिथली माणसं बाबेलला बंदिवासात नेली गेली त्या काळातल्या धसका घेतलेल्या माणसांमध्ये घडली आणि त्यांच्यासाठीच जपली गेली, हे तेव्हा ठळकपणे पुढे आलं.

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत चर्चमध्ये किंवा कुणाच्या पडवीत जे बायबल वर्ग भरतात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. सहा बैठका धरा, प्रत्येकी दीड तासाची. दहा-बारा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की बोलणारे तिघेच बोलतात आणि ज्याला खरं बोलायचं असतं तो गप्प राहतो.

सुरुवातीलाच एक गाठ सोडवून घ्या. आपल्या बायबलमध्ये 'संदेष्टा' हा शब्द आहे, म्हणजे संदेश आणणारा. बोलताना मात्र आपण त्याला भविष्य सांगणारा करून टाकतो, आणि मग यहेज्केलचं पुस्तक पंचांगासारखं उघडलं जातं: कोणत्या साली काय होणार, कोणतं राष्ट्र म्हणजे कोण. तसं वाचलं की पुस्तकातली रडणारी माणसं दिसेनाशी होतात. म्हणून प्रत्येक उताऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: हे बोलणारा कुठे उभा आहे, आणि शहर पडायच्या आधी बोलतोय, पडताना, की पडल्यानंतर?

वहीत आधी तारखा

प्रत्येकाने वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत: आधी, दरम्यान, नंतर. वरच्या बाजूला या तारखा लिहा. इ.स.पू. ७२२, इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याची राजधानी शोमरोन अश्शूरच्या हाती पडली. इ.स.पू. ५९७, यरुशलेम बाबेलला पहिल्यांदा शरण गेलं. अठरा वर्षांचा राजा यहोयाखीन जेमतेम तीन महिने गादीवर होता, त्याला कारागीर आणि लोहारांसकट पाडाव करून नेलं. त्याच खेपेला याजकाचा मुलगा यहेज्केलही गेला. इ.स.पू. ५८७ किंवा ५८६ (वर्ष कुठून मोजायचं यावरून अभ्यासकांत एका वर्षाचा फरक पडतो), तट फुटला आणि मंदिर जळलं. साधारण ५८२, तिसरी खेप. ५३९, पारसाच्या कोरेश राजाने बाबेल घेतलं. ५१५, दुसरं मंदिर पुरं झालं.

यहेज्केल आपल्या बंदिवासाचं वर्ष, महिना, दिवस लिहितो. त्याचं वर्ष काढायची सोपी रीत अशी: ५९८ मधून त्याचा आकडा वजा करा. पाचवं वर्ष म्हणजे ५९३, पंचविसावं म्हणजे ५७३. महिना दहावा किंवा त्यापुढचा असेल तर आपल्या कॅलेंडरप्रमाणे तो बहुधा पुढच्या जानेवारीत किंवा त्यानंतर जातो, कारण त्यांचं वर्ष वसंतात सुरू होतं. हा हिशेब वर्गातच करा, घरी नको. आकडे लिहिताना लक्षात येतं की हा माणूस दिवस मोजतोय. ज्याच्या घरात एखादी तारीख थांबून राहिली आहे त्याला हे मोजणं समजावून सांगावं लागत नाही.

माणसांच्या आकड्यांत मात्र अडकू नका. २ राजे २४:१४ पहिल्या खेपेला दहा हजार म्हणतं. यिर्मया ५२:२८-३० तीन खेपांचे ३०२३, ८३२ आणि ७४५ देतं, एकूण ४६००. कदाचित एका यादीत फक्त मोठे पुरुष मोजले असतील. बेरीज जुळवायला बसलात तर बैठक संपते. त्यापेक्षा असं विचारा की मोजणाऱ्याने कुणाला मोजलं नसेल?

अंतरसुद्धा लिहून ठेवा. फरात नदीच्या कडेने जाणारा रस्ता धरला तर यरुशलेम ते बाबेल साधारण चौदा-पंधराशे किलोमीटर. मुंबईहून सावंतवाडी तीनदा, तेही पायी. एज्रा ७:९ प्रमाणे उलटा प्रवास करायला चार महिने लागले, आणि ते मोकळी माणसं होती. शक्य असेल तर लाखीशच्या शिल्पांचा फोटो मोबाईलवर दाखवा. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरिब याने यहूदातलं लाखीश शहर घेतलं आणि निनवेच्या राजवाड्यात भिंतभर ते कोरून घेतलं. ते दगड आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बैलगाडी, गाडीवर बोचकी, बोचक्यांवर बसलेली बाई आणि मुलं. पाडाव करून नेणं म्हणजे काय ते एका नजरेत कळतं.

पहिल्या दोन बैठका: बातमी, मग रडणं

पहिल्या बैठकीत २ राजे २५ आणि यिर्मया ५२ एवढंच वाचा. यरुशलेमचा शेवटचा राजा सिद्कीया याच्या डोळ्यांसमोर त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. त्याने पाहिलेली शेवटची गोष्ट तीच राहावी, अशी ती योजना होती. हे सावकाश वाचा आणि त्यावर भाष्य करू नका. वेळ उरला तर लाखीशला १९३५ मध्ये सापडलेल्या खापऱ्यांबद्दल सांगा. शेवटच्या दिवसांत एका चौकीवरचा माणूस शाईने लिहितो की आम्ही लाखीशच्या खुणेच्या धुराकडे डोळे लावून आहोत, अजेका दिसत नाही. यिर्मया ३४:७ मध्ये तटबंदीची जी शेवटची दोन शहरं उरल्याचं म्हटलंय ती हीच: लाखीश आणि अजेका.

दुसऱ्या बैठकीला विलापगीत. इथे घाई करू नका, सगळा दीड तास द्या. पाच अध्याय आहेत. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्यात बावीस-बावीस ओव्या, तिसऱ्यात सहासष्ट. इब्री मुळाक्षरं बावीस. पहिल्या चार अध्यायांत ओव्या अक्षरांच्या क्रमाने सुरू होतात, तिसऱ्यात तर एकेका अक्षराला तीन. मराठीत हे हरवतं, म्हणून वर्गात करून बघा: कागदाच्या कडेला क, ख, ग, घ, च असं खाली खाली लिहा आणि प्रत्येक अक्षराने दुःखाची एक ओळ सुरू करा. पाचव्या-सहाव्या अक्षराला गाडी अडते, शब्द शोधावा लागतो, आणि शोधताना रडणं थोडं आवरतं. ही रचना नेमकी काय करते ते हातानेच कळतं. दुःख पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत पूर्ण सांगायचं, आणि ते वाहून जाऊ नये म्हणून त्याला बांध घालायचा. पाचव्या अध्यायात ओव्या बावीसच आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटलेला आहे. चौकट उरली, अक्षरं गेली. दमलेला माणूस असाच बोलतो.

मोठ्याने वाचा, तीन आवाजांत. एक सांगणारा, एक विधवा झालेली सीयोन नगरी (म्हणजे यरुशलेम; तिचा आवाज १:१२ पासून मोकळा होतो), आणि तिसऱ्या अध्यायातला 'मी'. पाचवा अध्याय सगळ्यांनी मिळून, कारण तिथे 'आम्ही' आहे. पहिल्या अध्यायात 'तिचं सांत्वन करणारा कोणी नाही' हा धागा पाचदा येतो: १:२, ९, १६, १७, २१. पेन्सिलीने खूण करा. या खुणा सहाव्या बैठकीत लागणार आहेत.

इथे होणारी चूक ठरलेली आहे. कुणीतरी ३:२२-२३ काढतो, परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते ते, आणि सगळे हायसं वाटून पुस्तक मिटतात. त्या ओव्या खऱ्या आहेत, पण त्या पुस्तकाच्या मधोमध आहेत. त्यांच्यानंतर चौथ्या अध्यायात उपासमारीत आयांनी आपल्याच लेकरांचं काय केलं ते येतं, आणि पुस्तक संपतं ते 'की तू आम्हांला अगदी टाकूनच दिलंस?' अशा अर्थाच्या ओवीवर. मधली ओवी उचलून शेवटी ठेवायची नाही.

यहेज्केल: अंगाने बोललेला धसका

तिसरी बैठक यहेज्केलची. तो खबार नदीकाठी, तेल-अबीब नावाच्या वस्तीत राहायचा. खबार म्हणजे निप्पूरजवळचा कालवा. तेल-अबीब हे नाव बाबेली भाषेतल्या 'पुराने झालेला ढिगारा' या अर्थाच्या शब्दांवरून आलं असावं. म्हणजे या माणसांना जुन्या पडक्या जागेवर वसवलं होतं. पुस्तकाच्या पहिल्याच ओवीतलं 'तिसावं वर्ष' बहुतेक त्याचं स्वतःचं वय असावं. मंदिरातली सेवा तिसाव्या वर्षी सुरू व्हायची (गणना ४:३). ज्या वर्षी त्याने मंदिरात पाय ठेवायचा, त्या वर्षी तो परक्या कालव्याच्या काठावर आहे. पहिल्या अध्यायातली चाकं, डोळे, चार तोंडांचे प्राणी वाचण्याआधी हे सांगा. मग तो देखावा कोडं राहत नाही. मंदिर इथे नाही, पण परमेश्वराच्या आसनाला चाकं आहेत, ते इथवर येऊ शकतं, असं तो सांगतोय.

चौथ्या अध्यायासाठी स्वयंपाकघरातला तराजू आणा. यहेज्केलला गहू, जव, पावटे, मसूर आणि भरडधान्यं एकत्र करून भाकर करायला सांगितलं. दिवसाला वीस शेकेल, म्हणजे साधारण २३० ग्रॅम. पाणी हिनाचा सहावा भाग, म्हणजे साधारण ६०० मिलिलिटर. तेवढी भाकरी मोजून ताटात ठेवा आणि तांब्यात तेवढं पाणी मोजून घ्या. दोन-अडीच भाकऱ्या होतात, आणि तांब्या अर्ध्याच्या आसपास भरतो. वेढ्यातल्या माणसाचं दिवसभराचं खाणंपिणं ते. ताट मधोमध ठेवूनच अध्याय वाचा. धान्य मिसळलेलं का? एका धान्याची भाकर होण्याइतकं कोणत्याच मडक्यात उरलेलं नाही म्हणून.

एक गोष्ट आपल्याकडे हमखास निसटते. देव आधी माणसाच्या विष्ठेवर भाकर भाजायला सांगतो, यहेज्केल कळवळून नको म्हणतो, मग शेणाची परवानगी मिळते. आपल्याकडे शेणी ही रोजची चुलीतली वस्तू, त्यामुळे वर्गात कुणाला त्यात काही लागत नाही. विटाळ कशाचा होता आणि याजकाच्या पोटात कुठे कालवलं, ते थांबून सांगावं लागतं.

बारावा अध्याय, पाडाव झालेल्याचं बोचकं बांधून भिंत फोडून निघण्याचा, हा अभिनय करून दाखवायचा मोह होतो. पुराने किंवा दरडीने घर सोडावं लागलेल्या गावात तो करू नका. पाच मिनिटांत बोचकं बांधून निघालेल्या माणसांसमोर बोचक्याचा खेळ होत नाही.

चोविसाव्या अध्यायात यहेज्केलची बायको, 'डोळ्यांना प्रिय असलेली', एका संध्याकाळी मरते. त्याला रडायला, पागोटं काढायला, वहाणा काढायला, शेजाऱ्यांनी आणलेलं अन्न खायला मनाई होते. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारी डबा आणून देतात, हे कोकणात सगळ्यांना माहीत. तो डबासुद्धा नाकारायचा म्हणजे काय, हे वर्गाला विचारा. शहर पडेल तेव्हा बंदिवानांची अवस्था अशीच होणार होती: दुःख इतकं की रडण्याची रीतसुद्धा चालणार नाही. धसक्यात माणूस बधिर होतो, ते हे. यहेज्केलचं तोंड ३:२६ ला बंद झालेलं आहे. ते उघडतं ३३:२१-२२ ला, जेव्हा यरुशलेमहून निसटलेला एक माणूस येऊन 'नगर पडलं' एवढंच सांगतो. हे दोन उतारे लागोपाठ वाचा, मधले तीस अध्याय सोडून. आणि मगच सदतिसावा, वाळलेल्या हाडांचा. तिथली किल्ली अकराव्या ओवीत आहे: 'आमची हाडं सुकली, आमची आशा गेली' हे लोकांचं बोलणं आहे. देखावा त्या बोलण्यातूनच उगवलेला आहे.

यहेज्केलला एखाद्या आजाराचं नाव चिकटवू नका. काही अभ्यासकांनी ते केलंय आणि त्यातून फारसं हाती लागलेलं नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची तपासणी आपण करू शकत नाही. पुस्तक धसक्याची भाषा बोलतं, एवढं म्हणणं पुरे. आणि सोळावा व तेविसावा अध्याय, जिथे नगरीला बाई कल्पून तिच्यावर हिंसा होताना दाखवली आहे, मिश्र वर्गात मोठ्याने वाचू नका. बायकांना आधी विचारा. वाचायचंच ठरलं तर स्पष्ट सांगा की हरलेल्या पुरुषांनी आपली विटंबना बाईच्या अंगावर टाकून सांगितलेली आहे, आणि घरात मार खाणाऱ्या कुणालाही हा अध्याय दाखवून गप्प बसवता येणार नाही.

यिर्मया: पोफळीचं गणित

चौथ्या बैठकीला यिर्मया २८ आणि २९ एकत्र घ्या. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया मात्र बाबेलमधल्या बंदिवानांना पत्र लिहितो: घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, त्या नगराचं हित पाहा, सत्तर वर्षं लागतील.

हे कोकणात समजवायला एक पोफळ पुरते. रोप लावल्यावर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षं जातात, नारळालाही तेवढीच. दोन वर्षांत परतायचं असेल तर कुणी पोफळ लावत नाही, फार तर मिरच्या लावेल. म्हणजे 'बागा लावा' या चार अक्षरांच्या आज्ञेतच हनन्याला उत्तर आहे. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनच्या बागायतदारांनी आडव्या झालेल्या वाड्यांत पुन्हा रोपं लावली, तेव्हा त्यांनी मनाशी किती वर्षं धरली होती ते विचारा, आणि मग २९:५ वाचा.

२९:११, कॅलेंडरवर आणि भिंतीवर छापलं जाणारं वचन, दहाव्या ओवीशिवाय कधीही वाचू नका. हिताचे संकल्प आहेत, आशा आहे, पण सत्तर वर्षांनंतर. ऐकणाऱ्यांतली बहुतेक माणसं ते बघायला असणार नव्हती. रुग्णाच्या उशाशी हे वचन म्हणताना हे लक्षात ठेवावं.

मग ३२ वा अध्याय. वेढा चालू आहे, यिर्मया कैदेत आहे, आणि तो अनाथोथ या आपल्या गावचं शेत विकत घेतो. सतरा शेकेल चांदी, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम, तराजूत तोलून. खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहरबंद, एक उघडी, साक्षीदारांच्या सह्या, आणि दोन्ही मातीच्या मडक्यात, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. ज्यांनी तहसीलमध्ये खेपा घातल्या आहेत त्यांना हा अध्याय तोंडपाठ झाल्यासारखा वाटेल. शत्रू ज्या जमिनीवर बसलाय तिचं खरेदीखत रीतसर करणं हीच इथली आशा.

जमिनीवरून आठवलं, एक भांडण शोधून वाचा. सगळे बंदिवासात गेले नव्हते. गरिबांना शेतं-द्राक्षमळे सांभाळायला मागे ठेवलं होतं (२ राजे २५:१२). यहेज्केल ११:१५ मध्ये मागे राहिलेले म्हणतात: ते परमेश्वरापासून दूर गेले, जमीन आता आमची. यिर्मया २४ मध्ये उलटं, गेलेले चांगले अंजीर आणि राहिलेले वाईट. गावात राहून वाडी राखणारा भाऊ, मुंबईतला चाकरमानी भाऊ आणि मधे सातबारा, असं घर माहीत नसलेला कोकणी माणूस विरळा. दोन्ही बाजूंना धसका होता आणि बायबलने दोन्ही बाजूंचं बोलणं ठेवलं. पण म्हणून चाकरमान्याला बंदिवान म्हणू नका. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो. पाडाव झालेल्यांना येता येत नव्हतं, आणि हा फरक पुसला की बंदिवास हा शब्दच पातळ होतो.

पाप कुणाचं? 'आम्ही' आणि 'तुम्ही'

सगळ्यात जास्त इजा इथे होते. दरड कोसळली, वादळ आलं की कुणीतरी संदेष्ट्यांचं पुस्तक उघडून म्हणतो, तुमच्या पापामुळे झालं. संदेष्टे असं बोलतात हे खरंच आहे. पण ते कुणी, कुणाविषयी बोललं ते बघा. त्या काळी शहर पडलं याचा अर्थ तुमचा देव हरला, बाबेलचा मर्दूक जिंकला. 'आमच्याच पापामुळे हे झालं' असं म्हणून बंदिवानांनी देवाला हरू दिलं नाही, आणि स्वतःच्या हातात थोडं काही ठेवलं: जे आमच्यामुळे बिघडलं ते आमच्यामुळे सुधरू शकतं. धसका घेतलेली माणसं असंच करतात. 'मी त्या रात्री तिला माहेरी पाठवलं नसतं तर' असं म्हणणारी आई जगाला काहीतरी अर्थ लावू पाहत असते.

म्हणून वर्गाचा एक नियम पक्का ठेवा. हे वाक्य फक्त 'आम्ही' म्हणून उच्चारता येतं, 'तुम्ही' म्हणून नाही. आणि त्याच पुस्तकांत त्याच्याविरुद्धचा आवाजही आहे, तो शेजारी वाचा. विलापगीत ५:७ म्हणतं, आमच्या बापांनी पाप केलं, ते गेले, भोगतो आम्ही. त्याच अध्यायातली सोळावी ओवी म्हणते, आम्ही पाप केलं. नऊ ओव्यांच्या अंतरात दोन्ही. 'बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले' ही म्हण बंदिवासात इतकी बोलली जात होती की यिर्मया ३१:२९ आणि यहेज्केल १८:२ दोघांनाही तिला उत्तर द्यावं लागलं. कैरी खाऊन दात आंबलेल्यांना ती समजावी लागत नाही. आजोबांनी भोगलेलं नातवाच्या दातात कसं उतरतं, यावर अर्धा तास बोलता येतं.

आणि संदेष्टे जेव्हा पाप म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा बोट ठेवून म्हणतात. यिर्मया २२:१३ मध्ये यहोयाकीम राजा शेजाऱ्याकडून फुकट राबवून घेऊन महाल बांधतो. मजुरी बुडवणं हे तिथलं पाप आहे. दरडीखाली गेलेल्या कुटुंबाच्या देव्हाऱ्यात किंवा लग्नात पाप शोधणाऱ्याने आधी ही ओवी वाचावी.

शाप, उपास आणि सांत्वन

स्तोत्र १३७ आणि ओबद्या (यरुशलेम पडताना आनंद मानणाऱ्या शेजारच्या एदोम राष्ट्राविरुद्धचं छोटं पुस्तक) पाचव्या बैठकीत. बाबेलच्या नद्यांकाठी वीणा टांगून बसलेले लोक सगळ्यांना आवडतात. शेवटच्या ओवीत ते बाबेलच्या बाळांना खडकावर आपटायचं बोलतात तेव्हा वर्ग गप्प होतो. ती ओवी गाळू नका. ज्यांनी आपली लेकरं गमावली त्यांचा राग आहे तो, आणि तो देवासमोर शब्दांत ठेवलाय, हातात दगड घेतलेला नाही. वर्गाचं काम एवढंच की हा राग ऐकायचा आणि बाबेल किंवा एदोम म्हणून आजच्या कुठल्याही समाजाकडे बोट दाखवू द्यायचं नाही. कुणी दाखवलं तर तिथेच थांबवा.

सहाव्या बैठकीत विलापगीतातल्या त्या पाच खुणा उघडा आणि लगेच यशया ४०:१ वाचा: 'सांत्वन करा'. मग विलापगीत ५:२० शेजारी यशया ४९:१४ ठेवा. टाकून दिल्याची तक्रार सीयोन पुन्हा करते, आणि या वेळी तिला उत्तर मिळतं. मध्ये चाळीसेक वर्षं गेलेली आहेत, हे वहीत लिहा.

जखऱ्या ७:३-५ आणि ८:१९ मध्ये लोक चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या महिन्याचे उपास पाळत होते ते दिसतं. तट फुटला, मंदिर जळलं, बाबेलने नेमलेला अधिकारी गदल्या मारला गेला, वेढा पडला, या आठवणींचे उपास. यातला पाचव्या महिन्याचा उपास कोकणाने फार जवळून पाहिला आहे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेले, तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्रायल, मंदिराच्या नाशाच्या उपासाच्या दिवसाला बिरड्याचा सण म्हणत. वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा. यरुशलेमचं जळणं रायगडातल्या बिरड्यात राहिलं. ते लोक रोहेकर, पेणकर, नवगावकर झाले आणि पुढे बरेचसे इस्राएलला गेले. अलिबागचं सभास्थान मात्र उभं आहे. विलापगीत त्यांचं जिवंत उपासाचं पुस्तक आहे, हे मनात ठेवून आपण ते हातात घ्यावं.

बैठक कशी मिटवायची

वर्गात धसका घेतलेलं कुणी असणारच. कोळीवाड्यात असाल तर फयान वादळात, नोव्हेंबर २००९ मध्ये, किंवा इतर वेळी दर्यावर गेलेला आणि परत न आलेला कुणाचा तरी माणूस असेल, ज्याची माती झालीच नाही. तिथे यहेज्केल ३७ वाचण्याआधी त्या घरात जाऊन विचारून या. वाचताना कुणाचे हात थरथरले, श्वास भरभर झाला, नजर एके ठिकाणी अडकली, तर वाचन थांबवा. पाय जमिनीला टेकवायला सांगा, पाणी द्या, दार उघडं ठेवा, समोर काय दिसतंय ते नावाने सांगायला लावा. 'मनात काय आहे ते बोलून मोकळा हो' असा आग्रह करू नका. घाईने उघडलेली जखम जास्त वाहते. त्रास आठवड्यांवर आठवडे टिकला तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्या आणि फोन लावताना शेजारी बसा.

प्रत्येक बैठक एकाच रीतीने मिटवा. यहुदी सभास्थानात विलापगीत वाचताना शेवटची, टाकून दिल्याची बावीसावी ओवी झाली की एकविसावी पुन्हा म्हणतात, 'आम्हांला तुझ्याकडे परत वळव' ही. बावीसावी पुसत नाहीत. ती म्हणून झाल्यावर मागे वळतात. तुम्हीही तसंच करा: आधी बावीसावी, मग एकविसावी, सगळ्यांनी मिळून. मग चहा. आणि पावसाळ्यात वर्ग उशिरा सुटला तर कोण कुणाला घरापर्यंत सोडणार ते चहा संपायच्या आत ठरवा.